चाल कुणाची, शब्द कुणाचे? : एक ब्लूज गीत, एक छक्कड आणि पुनर्गायनाचा प्रश्न

१

संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर एक बारीक ओळ छापलेली असते. ‘चाल’ हा शब्द, पुढे आडवी रेघ आणि त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कधी ते गाणे लावणी असते, कधी कानडी पद, कधी भजन, तर कधी उत्तरेकडील ठुमरी. वाचक ही ओळ ओलांडून पदाकडे जातो. समीक्षकही बहुधा तेच करतो. ती नटासाठी आणि पेटीवाल्यासाठी आहे, साहित्यविचाराशी तिचा संबंध नाही, असे आपण गृहीत धरलेले आहे. प्रस्तुत लेखात या गृहीताचीच तपासणी करावयाची आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. तेव्हापासून मराठी रंगभूमीवरील पदरचना मोठ्या प्रमाणावर आधीच्या चालींवर उभी राहिली. ‘मानापमाना’च्या (१९११) पदांना गोविंदराव टेंबे यांनी आणि ‘स्वयंवरा’च्या (१९१६) पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा ख्याल-ठुमरीच्या बंदिशी मराठी शब्द लेवून रंगमंचावर आल्या. हे सारे उघडपणे होत होते. मूळ गाण्याचे नाव माथ्यावर छापण्यात कमीपणा नव्हता. उलट ती एक प्रकारची हमी होती. ज्याला ती चाल ठाऊक आहे त्याला नवे पद वाचताक्षणीच ऐकू येई. म्हणजे ही ओळ केवळ गायनाची सूचना नव्हती. हे शब्द दुसऱ्या शब्दांच्या जागी उभे आहेत आणि त्या जुन्या शब्दांची सावली त्यांच्यावर पडलेली आहे, असे ते एक वाङ्मयीन विधान होते.

इंग्रजीत यासाठी ‘कव्हर’ असा शब्द रूढ आहे. त्याचा जन्म अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांच्या व्यापारात झाला. एका कंपनीचे गाणे खपू लागले की दुसरी कंपनी तेच गाणे आपल्या गायकाकडून गाऊन घेई आणि पहिल्याचा बाजार झाकून टाकी. १९५५ साली फॅट्स डॉमिनो या कृष्णवर्णीय गायकाचे ‘एन्ट दॅट अ शेम’ हे गीत पॅट बून या गोऱ्या गायकाने गायिले आणि देशभरच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले ते बूनचे गायन. ‘कव्हर’ या शब्दाला ही पार्श्वभूमी चिकटलेली आहे. एक मूळ, एक नक्कल. एक मालक, एक उसनवार. ‘चाल’ या शब्दात ही विभागणी नाही. म्हणून ‘कव्हर’ऐवजी येथे ‘पुनर्गायन’ असा शब्द वापरला आहे, आणि तोही नक्कल या अर्थाने नव्हे. प्रत्येक पुनर्गायन हे आधीच्या गीताचे एक वाचन असते. ते काही राखते, काही गाळते. काय राखले आणि काय गाळले हे पाहणे, हेच गीताच्या इतिहासाचे खरे काम होय.

यासाठी दोन गीते घेतली आहेत. एक शिकागोतील, माउथ ऑर्गनवर वाजलेले. दुसरे मुंबईतील, डफ-तुणतुण्याच्या परंपरेतले. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हापासून मराठीत कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी तुलना होत आली आहे; जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या साहित्याचा परिचय करून दिला. परंतु ही तुलना प्रामुख्याने कविता आणि आत्मकथन यांच्यापुरती राहिली. गाणे दोन्हीकडे अधिक दूरवर पोचलेले असूनही समीक्षेच्या उंबरठ्याबाहेरच थांबले.

२

‘माय बेब’ हे गीत लिटल वॉल्टर याने २५ जानेवारी १९५५ रोजी शिकागोत चेस कंपनीच्या ‘चेकर’ या शाखेसाठी ध्वनिमुद्रित केले. गीतकार म्हणून विली डिक्सन याचे नाव होते. साथीला डबल बास वाजवायलाही तोच होता. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या ‘रिदम अँड ब्लूज’ यादीत हे गीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. वॉल्टरचा जन्म १९३० चा, लुइझियाना राज्यातील मार्क्सव्हिलचा. डिक्सनचा १९१५ चा, मिसिसिपीतील व्हिक्सबर्गचा. दोघेही दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या लक्षावधी कृष्णवर्णीयांपैकी. त्यांचे श्रोतेही तेच होते: कापसाचे मळे सोडून कारखान्यांत आणि कत्तलखान्यांत आलेले, रविवारी चर्चमध्ये आणि शनिवारी रात्री दारूच्या गुत्त्यात जाणारे.

या श्रोत्यांना ‘माय बेब’ पहिल्यांदा ऐकताच ओळखीचे वाटले असणार. कारण ती चाल त्यांनी चर्चमध्ये गायिलेली होती. ‘धिस ट्रेन’ हे ते जुने भक्तिगीत. त्याचे ध्वनिमुद्रण १९२२ इतके मागे सापडते, आणि सिस्टर रोझेटा थार्प हिने १९३९ मध्ये ते गिटारवर गाऊन घरोघरी पोचवले. त्याची कल्पना साधी आहे. एक गाडी स्वर्गाकडे निघाली आहे आणि तिच्यात कुणाला जागा नाही याची यादी गीतात येते: जुगारी, खोटारडे आणि तशाच प्रकारची माणसे. कडव्यागणिक एकेकाला फलाटावरच ठेवले जाते. गाडीचे पावित्र्य सिद्ध होते ते नकारांच्या मालिकेतून.

डिक्सनने चाल घेतली. पण त्याने आणखीही काही घेतले, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. त्याने ही नकारांची रचनाच उचलली. गाडीच्या जागी स्त्री आली. तिला फसवणूक चालत नाही, रात्रीबेरात्रीचे चाळे चालत नाहीत. ती काय काय खपवून घेणार नाही याची यादी म्हणजेच तिचे वर्णन. तिचे डोळे, केस, चाल यांविषयी गीत जवळजवळ मौन पाळते. ब्लूजमधील प्रेयसी बहुधा दगा देणारी किंवा दगा सोसणारी असते. येथे मात्र ती स्वर्गाच्या गाडीइतकीच कडक आहे. ज्या श्रोत्याला जुने भक्तिगीत ठाऊक आहे त्याला या कडकपणात विनोदही ऐकू येतो आणि आदरही. चर्चमधील वडीलधारी मंडळी ब्लूजला सैतानाचे संगीत म्हणत. त्यांच्याच चालीवर त्यांचीच नीती एका प्रेयसीच्या तोंडी घालणे हा खोडसाळपणा होता. पण त्या नीतीची थट्टा त्यात नव्हती. पावित्र्य स्वर्गातून काढून शिकागोतील एका खोलीत आणून ठेवले होते.

पुनर्गायने यानंतर लगेच सुरू झाली. १९५८ मध्ये रिकी नेल्सन, १९५९ मध्ये इंग्लंडात क्लिफ रिचर्ड, १९६९ मध्ये लास व्हेगासच्या मंचावर एल्व्हिस प्रेस्ली. या गायनांत चाल तीच आहे आणि शब्दही बहुतांशी तेच. तरीही एक गोष्ट गळून पडली: गाडी. तरुण गोऱ्या श्रोत्यांच्या मोठ्या वर्गाला ते भक्तिगीत आतून ठाऊक नव्हते. त्यामुळे नकारांची मालिका ही नुसतीच मालिका राहिली, आणि स्त्रीच्या कडकपणाऐवजी ‘ती माझी आहे’ हा पोरसवदा अभिमान गीताच्या मध्यभागी आला. एक अक्षर न बदलता गीताचा अर्थ बदलू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. खुद्द चेस कंपनीने १९६० मध्ये जुन्याच ध्वनिमुद्रणावर स्त्रियांच्या समूहस्वरांची पुटे चढवून ते पुन्हा बाजारात आणले. चर्चमधील समूहगायन अशा रीतीने परत आले खरे, पण शोभेसाठी.

३

वॉल्टरच्या गायनाइतकेच त्याच्या वाद्याविषयीही बोलणे आवश्यक आहे. कारण पुनर्गायनाचा प्रश्न वाद्यालाही लागू पडतो. दहा छिद्रांचा स्वस्त माउथ ऑर्गन जर्मनीतील ट्रॉसिंगेन गावच्या कारखान्यांत बने. फुंकर घातली की एक स्वर, श्वास आत ओढला की दुसरा. त्याची स्वररचना युरोपीय लोकगीतांसाठी बेतलेली होती आणि फुंकरीचे स्वर तिचा पाया होते. दक्षिणेतील कृष्णवर्णीय वादकांनी हा पायाच उलटा केला. ज्या पट्टीत गायचे ती सोडून दुसऱ्या पट्टीचे वाद्य त्यांनी हाती घेतले, म्हणजे श्वासाने आत ओढलेले स्वर मुख्य होतात; आणि हे स्वर तोंडाचा आकार बदलून खाली वाकवता येतात. कारखान्याने न दिलेले मधले स्वर त्यातून निर्माण झाले. वॉल्टरने आणखी एक पाऊल टाकले. साधा मायक्रोफोन वाद्यासह ओंजळीत धरून तो विजेच्या भोंग्यातून वाजवू लागला आणि खिशात मावणाऱ्या त्या खेळण्याला सॅक्सोफोनचा भरदारपणा आला. १९५२ मधील त्याच्या ‘ज्यूक’ या निव्वळ वादनाच्या तबकडीने हे सिद्ध केले होते. ‘माय बेब’मध्ये गळा थांबतो तेथे हा श्वास बोलू लागतो.

मराठी वाचकाला यात एक परिचित गोष्ट दिसेल. माउथ ऑर्गनमध्ये हवेने थरथरणारी धातूची पट्टी असते. आपल्या पेटीतही तीच असते. पेटीवर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, या कारणांसाठी आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्या काळात नाटक, कीर्तन, तमाशा आणि जलसा यांत पेटी वाजतच राहिली. वाद्याची शुद्धता ठरविणारे एकीकडे आणि वाद्याचा उपयोग करणारे दुसरीकडे, ही विभागणी केवळ आपल्याकडची नाही. गाण्याप्रमाणेच वाद्यही कुणी घडवले यापेक्षा कुणी वापरले यावरून ओळखावे लागते.

४

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील. अण्णा भाऊंचा जन्म १९२० चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावचा, मांग समाजातला. लहानपणी ते वडिलांबरोबर चालत मुंबईला आले. गिरणी, झोपडपट्टी आणि कामगार चळवळ यांतून त्यांची शाहिरी घडली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. ‘माय बेब’ आणि ‘माझी मैना’ ही गीते एकाच दशकातील आहेत आणि दोन्हींचे श्रोते गाव सोडून शहरात आलेले श्रमिक आहेत. पण साम्य याहून खोल आहे. डिक्सनने पवित्र चालीत प्रेयसी आणली. अण्णा भाऊंनी प्रेयसीच्या चालीत भूमी आणली.

छक्कड हा लावणीच्याच कुळातला रचनाप्रकार. पेशवाईतील विरहाच्या लावणीत सामान्यतः स्त्री बोलते. तिचा सखा मोहिमेवर गेलेला असतो आणि ती घरात झुरत असते. अण्णा भाऊंनी बोलणारा बदलला. येथे परागंदा झालेला पुरुष बोलतो आणि मागे राहिलेली स्त्री गप्प आहे. मोहिमेची जागा पोटासाठीच्या वणवणीने घेतली आहे. आरंभी मैनेचे नखशिखांत वर्णन येते, ते शृंगारिक लावणीच्या सर्व संकेतांना धरून. फडावरचा श्रोता या वर्णनाने सैलावतो. पुढे काय येणार याची त्याला खात्री वाटते. मग निरोपाचा प्रसंग, दागिन्यांचे वचन, आणि त्यानंतर मुंबई. पैशाची, काळ्या बाजाराची, कष्टकऱ्यांची मुंबई. शेवटी गीत आपले कारण उघड करते. मैनेची जी ताटातूट झाली तीच गत खंडित महाराष्ट्राची, बेळगाव-कारवारपासून डांग-उंबरगावापर्यंतच्या मुलखाची झाली आहे.

हे रूपक शाहिराने गुलदस्तात ठेवलेले नाही. ते तो नाव घेऊन सांगतो. आधुनिक काव्यसमीक्षेला हा उघडेपणा कदाचित उणेपणा वाटेल. सूचकता हा काव्याचा प्राण मानणाऱ्या दृष्टीला शेवटचा भाग प्रचारकी वाटणे स्वाभाविक आहे. पण सभेत गायिल्या जाणाऱ्या गीताचा न्याय निराळा असतो. तेथे श्रोत्याला शृंगाराकडून राजकारणाकडे न्यायचे असते, आणि हा प्रवास त्याच्या नकळत नव्हे, त्याच्या देखत व्हावा लागतो. लावणीचे संकेत मोडले जात नाहीत. ते पूर्ण भोगून झाल्यावर, ही तळमळ कशाची आहे, असा प्रश्न विचारला जातो. पहिल्या भागाशिवाय शेवट घोषणा होईल. शेवटाशिवाय पहिला भाग केवळ एक चांगली लावणी राहील.

पुनर्गायनाचा इतिहास येथेच आपल्याला अडवतो. अमर शेखांपासून विठ्ठल उमपांपर्यंत थोर शाहिरांच्या गळ्यांतून ही छक्कड गेली. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये, अवघ्या दीड महिन्याच्या अंतराने गेले; पुढे गीत उरले ते इतरांच्या तोंडी. चळवळीच्या मंचावर ते शेवटापर्यंत गायिले जात राहिले. मात्र वाद्यवृंदांच्या आणि सांस्कृतिक कार्यक्रमांच्या मंचावर चार-पाच मिनिटांच्या अवधीत बसविताना कात्री लागते ती बहुधा उत्तरार्धाला. मैना राहते, मुंबई धूसर होते आणि सीमाभाग नाहीसा होतो. १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले, पण बेळगाव-कारवार बाहेरच राहिले, आणि तो वाद अद्यापही सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे जो भाग कालबाह्य म्हणून गाळला जातो तो प्रत्यक्षात मिटलेलाच नाही. ‘माय बेब’मधून गाडी गळाली ती श्रोता बदलल्यामुळे. ‘माझी मैना’मधून मुलूख गळतो तो श्रोत्याला काय सोसेल याचा कुणीतरी परस्पर अंदाज बांधल्यामुळे. पहिले विस्मरण आहे; दुसऱ्याला विस्मरण म्हणता येत नाही.

५

ज्या गीतांना अण्णा भाऊंसारखा नावाचा धनीच नाही, त्यांचे काय होते? या प्रश्नासाठी पनवेलसारखे ठिकाण पाहावे लागते. घाट उतरून मुंबईकडे जाणारा रस्ता आणि कोकणात, गोव्याकडे उतरणारा रस्ता येथे फुटतात. १८५२ पासून नगरपालिका असलेले हे खाडीकाठचे गाव २०१६ मध्ये महानगरपालिका झाले. भोवतालच्या आगरी-कोळी गावांची भातशेती आणि मिठागरे १९७० नंतर नव्या शहरासाठी संपादित होत गेली. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी तर गावठाणेच हलविली गेली. अण्णा भाऊंच्या गीतात माणूस गाव सोडून जातो. येथे माणूस जागच्या जागी राहिला आणि गाव त्याला सोडून गेले.

या गावांच्या लग्नांत ढवळारीण ही एक अधिकारी व्यक्ती असे. मांडवापासून हळदीपर्यंतचे विधी ती ढवळे गाऊन पुढे नेई. भटजीच्या मंत्रांना जे स्थान, ते तिच्या गाण्याला. हा शब्द आपल्या वाङ्मयेतिहासाला अपरिचित नाही. तेराव्या शतकात महदंबेने श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने ऋद्धिपुरात जे धवळे रचले, त्यांनी तिला आद्य मराठी कवयित्रीचे स्थान दिले. ‘संगीतरत्नाकरा’तही ‘धवल’ हा मंगलप्रसंगी गावयाचा प्रबंध म्हणून येतो. महदंबेच्या धवळ्यांपासून आगरी ढवळ्यांपर्यंत सरळ वंशरेषा काढणे उतावीळपणाचे होईल. पण विवाहप्रसंगी स्त्रीने गावयाचे गीत हा अर्थ सातशेहून अधिक वर्षे एका शब्दाने सांभाळला आहे, एवढे निश्चित. महदंबेचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण महानुभावांनी ते लिहून ठेवले. ढवळारणींची नावे लिहून ठेवणारे कुणी नव्हते.

आता हळदीच्या रात्री ढवळ्यांच्या जोडीला, पुष्कळदा त्यांच्या जागी, बेंजो असतो. टंकयंत्रासारख्या कळा असलेले हे तारवाद्य विजेवर गाजते. त्याचे मूळ जपानी आहे. १९१२ मध्ये नागोया येथे तयार झालेले ‘ताइशोगोतो’ भारतात येऊन बुलबुलतरंग झाले आणि मुंबई-कोकणाच्या पट्ट्यात ‘बेंजो’ म्हणून ओळखले जाऊ लागले. बँजो हे मूळचे आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या लोकांचे वाद्य. अशा रीतीने जपानी शरीर आणि कृष्णवर्णीय नाव धारण केलेले वाद्य पनवेलच्या हळदीत वाजते, आणि ते आमचे नाही असे तेथील कुणी म्हणणार नाही. जर्मन माउथ ऑर्गन मिसिसिपीचा झाला, त्यातलाच हा प्रकार.

बेंजोवर जी गाणी वाजतात त्यांत शान्ता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली ‘मी डोलकर’, ‘वल्हव रे नाखवा’ यांसारखी कोळीगीते हमखास असतात. पुणेकर कवयित्री, बंगाली हेमंतकुमारांचा आणि लता मंगेशकरांचा आवाज, आणि लय खाडीकाठची. कोळीवाड्याची लय शहरात गेली, तबकडीवर चढली आणि हळदीच्या मांडवात परत आली. आता ती ‘आमची जुनी गाणी’ म्हणून गायिली जाते. या परतीत अन्याय नाही, कारण कवयित्रीचे आणि संगीतकाराचे नाव तबकडीवर आहे. शोधणाऱ्याला वाट सापडते. प्रश्न उलट दिशेच्या गीतांचा आहे. मांडवातून कॅसेटवर आणि तेथून चित्रपटात गेलेल्या गाण्यांवर ‘पारंपरिक’ असा एकच शब्द असतो. तो शब्द खरा आहे आणि अपुराही आहे. कोणत्या गावची, कोणत्या समाजाची, कुणाच्या तोंडून घेतलेली, हे तीन तपशील त्या शब्दाखाली गाडले जातात. आणि नवा संगीतकार त्याच शब्दाच्या शेजारी आपले नाव छापू शकतो.

कायदा येथे फार मदत करीत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने पुनर्गायनाला मुभा दिली होती, आणि १९८० नंतरच्या कॅसेट-व्यवसायाने तिचा भरपूर उपयोग केला. २०१२ च्या दुरुस्तीने मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे पुनर्गायनास मनाई केली आणि मूळ कर्त्यांना मानधन बंधनकारक केले. पण हे सारे ज्ञात कर्त्याच्या गीतासाठी आहे. ज्याचा कर्ता एक व्यक्ती नसून गावोगावच्या स्त्रिया आहेत, ते गीत कायद्याच्या दृष्टीने कुणाचेच नाही. आणि जे कुणाचेच नाही ते पहिल्याने नेले त्याचे.

६

या टप्प्यावर डिक्सनकडे पुन्हा वळावे लागते. ‘माय बेब’च्या तबकडीवर ‘धिस ट्रेन’चा उल्लेख नव्हता, गीतकार म्हणून एकट्या डिक्सनचे नाव होते. हाच डिक्सन पुढे आपल्या हक्कासाठी न्यायालयात गेला. लेड झेपेलिन या इंग्रज वाद्यवृंदाच्या १९६९ मधील ‘होल लॉटा लव्ह’ या गीतात त्याने मडी वॉटर्ससाठी लिहिलेल्या गीताचे शब्द होते. १९८५ मध्ये त्याने दावा लावला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. त्याच ध्वनिमुद्रिकेवरील ‘ब्रिंग इट ऑन होम’ हेही सनी बॉय विल्यमसन याने माउथ ऑर्गनवर गायिलेले डिक्सनचेच गीत. त्याविषयीही प्रकाशन कंपनीला दावा करावा लागला होता. ज्याने स्वतः चाल उचलली त्याने दुसऱ्याला चोर म्हणावे, हा दुटप्पीपणा नव्हे काय, असा आक्षेप घेता येईल.

आक्षेप सोपा आहे, पण टिकणारा नाही. डिक्सनच्या श्रोत्याला ‘धिस ट्रेन’ तोंडपाठ होते. किंबहुना ते पाठ असण्यावरच गीताचा सारा डाव उभा होता. तेथे उचल स्वतःच आपला उगम सांगत होती. लंडन-न्यूयॉर्कच्या तरुण श्रोत्याला मात्र मडी वॉटर्सचे गीत ठाऊक असण्याची अपेक्षा नव्हती. ते ठाऊक नसण्यावर नव्या गीताचे नवेपण अवलंबून होते. श्रोता आणि गायक एकाच स्मृतीत राहतात तोवर चालीचे नाव छापण्याची गरज नसते. आंबेडकरी जलशातून आणि वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांच्या परंपरेतून आलेली कित्येक भीमगीते लोकांच्या ओठांवरच्या चाली घेतात, आणि ऐकणारा जुने शब्द आणि नवे शब्द एकाच वेळी ऐकतो. ही स्मृती जेथे तुटते तेथपासून नाव घेण्याचे कर्तव्य सुरू होते. डिक्सनलाही हे कर्तव्य चुकत नाही: क्लिफ रिचर्डचा श्रोता ‘माय बेब’ ऐकू लागला तेव्हा ‘धिस ट्रेन’चे नाव तबकडीवर असायला हवे होते.

आता पदाच्या माथ्यावरील ती बारीक ओळ निराळी दिसू लागते. नाटक कंपन्या गावोगाव फिरत. प्रत्येक गावच्या प्रेक्षकाला मूळ लावणी किंवा कानडी पद ठाऊक असेल याची शाश्वती नव्हती. म्हणून ते छापले गेले. व्यवहाराच्या सोयीसाठी का होईना, आपल्या नाटककारांनी उसनवारीची कबुली देणारी एक पद्धत घडवली होती. तबकडीच्या गोल कागदावर तिला जागा मिळाली नाही, आणि पुढे ती आपण विसरलो.

लोकगीतांच्या संकलनात, शाहिरी वाङ्मयाच्या आवृत्त्यांत आणि गीतांच्या समीक्षेत ही ओळ परत यावयास हवी. ‘माझी मैना’ छापताना तिचा उत्तरार्ध वगळला असेल तर तसे लिहावे. हळदीचे गीत घेताना ‘पारंपरिक’ या शब्दापुढे गाव लिहावे, आणि गाणारीची संमती असेल तर तिचे नावही. ढवळे गाणाऱ्या स्त्रिया उतारवयाला लागल्या आहेत आणि त्यांच्या गाण्यातील शेते आता धावपट्टीखाली आहेत. हे काम फार काळ पुढे ढकलता येणार नाही. महदंबेचे नाव कुणीतरी लिहून ठेवले म्हणून मराठी कवितेचा इतिहास आज एका स्त्रीपाशी सुरू होतो. ते लिहिणाऱ्याला आपण इतिहास लिहीत आहोत असे वाटलेही नसेल. त्याने फक्त गाणे कुणाचे ते नोंदवले.